उलट्या मोटरचं पाणी

गेले अकरा दिवस आमच्याकडे पाऊस पडलेला नाही. डब्लिनपासून लांब पश्चिमेला, मेयोत राहणाऱ्या माणसाला हे वाक्य लिहितानासुद्धा काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. इथे पाऊस पडल्याची दखल कुणी घेत नाही, न पडल्याची घेतात. कासलबारच्या दुकानाबाहेर अंतर ठेवून उभी असलेली माणसं मास्कच्या आडून एकमेकांना 'ग्रँड ड्राय स्पेल', छान उघडीप आहे, म्हणतात आणि लगेच आभाळाकडे बघतात, बोललेलं वर ऐकू गेलं की काय म्हणून. बांधाबांधावर गॉर्स फुललाय. पिवळीधमक काटेरी झुडपं, आणि ऊन तापलं की त्या फुलांना चक्क खोबऱ्याचा वास येतो. मागच्या एप्रिलमध्येही असाच यायचा. तेव्हा आप्पा, माझे वडील, इथे होते.

हा वास आला की माझा हात आपोआप नळाकडे जातो. मी नळ सोडते, धार बघते, बंद करते आणि कान देऊन उभी राहते. घरामागच्या शेडमधून बोअरवेलच्या पाइपाची हलकी घरघर येते, काही सेकंद टिकते आणि थांबते. ती थांबली की मी हलते. सुमेध, माझा नवरा, याला माझी नवी पूजा म्हणतो. म्हणू दे. त्याला मी अजून सगळं सांगितलेलं नाही.

आमचं घर कासलबारपासून वीस मिनिटांवर, अशा गावात की जिथे सरकारी नळ पोचलेला नाही. प्रत्येक घराची आपापली बोअर. घर घेताना मला याचं फार अप्रूप वाटलं होतं. पुण्यात मी टँकरच्या वेळा पाठ करून राहिलेली बाई, आता अंगणात स्वतःचं पाणी! मी डब्लिनच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर घरी बसून लिहायचे, सुमेध कासलबारच्या हॉस्पिटलात डॉक्टर, आणि आप्पा मार्चच्या सुरुवातीला दोन महिन्यांसाठी म्हणून आले होते. आईला विमानाची धास्ती, त्यामुळे एकटेच. ते आले आणि पंधरा दिवसांत विमानंच बंद झाली.

आप्पांचं संगमनेरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान. चाळीस वर्षं. जळालेल्या मोटरी यायच्या, आप्पा त्यांची जुनी तांब्याची तार काढायचे, नवी भरायचे, वार्निश करायचे. आमच्या घरातल्या कपड्यांना, पुस्तकांना, माझ्या शाळेच्या डब्यालासुद्धा त्या वार्निशचा वास असे. दुरुस्त मोटर गिऱ्हाइकाच्या हवाली करण्याआधी आप्पा तिच्या दांड्यावर खडूची रेघ मारत आणि बटण दाबून एकच झटका देत. रेघ कुणीकडे वळते ते बघायचं. पाहिजे तिकडे वळली तर मोटर सरळ, नाहीतर तीन वायरींतल्या दोन बदलायच्या. मग झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहायचं: काय केलं, कोणती वायर कुठे, काय बिघडलं होतं. "पुढं जो उघडंल त्याला अंधारात ठेवू नये," असं त्यांचं म्हणणं. त्यांची स्वतःची चूक असली तर तीही लिहीत. तालुक्यातल्या कितीतरी विहिरींवरच्या डब्यांत आप्पांचं अक्षर असेल.

आणि असा माणूस डब्लिनच्या विमानतळावर हरवला होता. सगळे प्रवासी बाहेर येऊन गेले, आप्पा काही येईनात. शेवटी तिथली एक बाई त्यांना हाताला धरून घेऊन आली. म्हणाली, हे पट्ट्यापाशी बॅगेची वाट बघत उभे होते. बॅग त्यांच्या हातात होती. आप्पा हसले, म्हणाले, "झोप नाही झाली गं इमानात." मीही हसले. मग चहात दोनदा साखर पडू लागली. फिरायला गेलं की पॉरिक या शेजाऱ्याच्या कुत्र्याचं नाव रोज नव्यानं विचारलं जाऊ लागलं. मी सुमेधला बोलले नाही. तो चेहऱ्यावर मास्कचे वळ घेऊन घरी यायचा, त्याला आणखी एक पेशंट कशाला द्या, असं मी स्वतःला सांगत होते. खरं कारण वेगळं होतं. बोललं की ते खरं होईल, अशी मला भीती वाटत होती. मूग गिळून बसणं इतकं सोपं असतं.

सुमेध तेव्हा कोविड वॉर्डात होता. घरी आला की पुढच्या दारानं येतच नसे. शेडला लागून एक जुनी न्हाणी आहे, तिथे कपडे उतरवायचे, मशीनमध्ये टाकायचे, डोक्यावरून आंघोळ करायची आणि मग मागच्या दारानं आत. आप्पा बहात्तर वर्षांचे. त्यांच्यासाठी हा सगळा सोहळा. त्या न्हाणीतलं पाणी म्हणजे आमचा उंबरठा होता म्हणा ना. आणि एका सकाळी नळ दोनदा खाकरला आणि बंद पडला.

पंप बसवणारा डेक्लन फोनवर म्हणाला, मोटर म्हातारी होती, गेली. नवी देतो, पण मी येऊ शकत नाही. त्याची आई नव्वदीला टेकलेली, आणि आमच्या घरात कोविड वॉर्डाचा डॉक्टर. मी त्याला कशाला दोष देऊ? दुपारी तो व्हॅन घेऊन आला, नवी मोटर, भिंतीवरचा कंट्रोलचा डबा, केबल, जोड द्यायच्या नळ्या असं सगळं फाटकाशी ठेवलं, हॉर्न वाजवला आणि गेला. मग फोन केला. म्हणाला, "साधे दिवस असते तर मी तुला स्क्रू ड्रायव्हरला हात लावू दिला नसता. परवाना असलेल्या माणसाचं काम आहे हे. पण तुझे बाबा यातलेच आहेत ना? मग जमेल. एवढंच, तो डबा जपा. माझ्याकडचा शेवटचा आहे. पुढचा कधी येईल, देवाला ठाऊक."

सुमेधनं त्या दिवशी आंघोळ हॉस्पिटलातच केली, आणि अंगणात लांब उभा राहून बोलला. "परवापर्यंत पाणी आलं तर ठीक. नाहीतर मी हॉस्पिटलजवळ खोली घेतो. महिना, दीड महिना. आप्पांच्या जवळ असा येणार नाही मी." महिना, हा शब्द तेव्हा कसा ऐकू यायचा ते आता सांगून कळणार नाही. त्या महिन्यात आणखी काय काय होऊ शकतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि दोघंही त्यावर बोललो नाही. तो गाडीत जाऊन झोपला. मी खिडकीतून त्याचे बूट बघत होते.

आप्पांच्या अंगात मात्र वारं भरलं होतं. डबा उलटासुलटा करून बघताना त्यांचा चेहरा असा उजळला की मार्चपासून मी तो बघितलाच नव्हता. आमच्या घरात वीज येते ती सिंगल फेज, मोटर मात्र थ्री फेजची. तो डबा एका फेजचे तीन करतो, आणि नळ बंद झाला की मोटर थांबवतो. मी हे सांगितल्यावर आप्पा बघतच राहिले. "आमच्याकडं तिसऱ्या फेजची वाट बघत माणसं रात रात विहिरीवर बसत्यात, आन् ह्यो डबा घरातल्या घरात बनवतो?" मग हळूच, "बघितलं असतं दुकानातल्या पोरांनी."

रंगांचा घोळ मला आधीच दिसला होता. आपल्याकडे लाल, पिवळी, निळी या तीन फेज, आणि काळी न्यूट्रल. इथे घरात येणारी तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल. मोटरच्या तीन वायरी तपकिरी, काळी, करडी. म्हणजे आप्पांच्या हाताला जी निळी फेज वाटणार ती इथे न्यूट्रल, आणि जी काळी न्यूट्रल वाटणार ती मोटरची. मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. आप्पांनी चष्मा लावून तीनदा मोठ्यानं वाचलं. मी तो कागद फ्रिजला चिकटवला, आणि आपण फार काळजी घेतो आहोत असं वाटून मला बरंसुद्धा वाटलं.

दुसऱ्या दिवशी पॉरिक ट्रॅक्टर घेऊन आला. काचा बंद, तो आत. ट्रॅक्टरच्या पुढच्या लोखंडी हातानं त्यानं जुनी मोटर पाइपासकट वर ओढली. आप्पा अंगणात उभे राहून दोन्ही हातांनी इशारे करत होते, "हळू! हळू!" ओरडत होते, आणि पॉरिकला बरोबर कळत होतं. तांबड्या गाळानं माखलेला पाइप कितीतरी वेळ निघतच राहिला. नवी मोटर आत सोडायच्या आधी आप्पांनी नारळ मागितला. लॉकडाऊनमध्ये मेयोत नारळ कुठून आणू? त्यांनी नाक वर करून हुंगलं, बांधाकडे गेले, हात ओरबाडून घेत गॉर्सची एक डहाळी तोडली आणि बोअरच्या तोंडाशी ठेवली. "वास तर त्योच हाय," म्हणाले. पॉरिकनं काचेआड टोपी काढली.

केबलचे जोड आप्पांनी दिले. हे मला लिहून ठेवायचंच आहे. कुत्र्याचं नाव विसरणारा माणूस, पण त्याची बोटं काही विसरली नव्हती. तिन्ही जोड एकावर एक येऊन फुगवटा होऊ नये म्हणून त्यांनी तिन्ही वायरी कमी-जास्त लांबीवर कापल्या, तार उघडी केली, जोडली, वरून नळी सरकवली, पॉरिकच्या हीट गनच्या गरम हवेनं ती गोल गोल फिरवत आवळत आणली. मी बघत राहिले. ते म्हणाले, "पिंपात बुडवून एक झटका दिऊ का आधी? कुणीकडं वळती कळंल." मी घड्याळ बघत होते. म्हटलं, डेक्लन म्हणालाय, खाली सोडल्यावर दाबाच्या काट्यावरूनच कळतं. दोन्हीकडून चालवून बघायची, ज्यात दाब जास्त ती दिशा खरी. "बरं," आप्पा म्हणाले.

मग शेडमधलं काम. मेन स्विच बंद होता, फ्यूज माझ्या खिशात होता. आप्पा डब्यात वायरी लावत होते आणि मी फोनला रेंज मिळावी म्हणून दाराबाहेर उभी राहून डेक्लनशी बोलत होते. पाच मिनिटं, फार तर सहा. आत आले तेव्हा आप्पा शेवटचा स्क्रू आवळत होते. मी वाकून बघितलं. घरातून आलेली निळी त्यांनी मोटरच्या तिसऱ्या जागी बसवली होती, आणि मोटरची काळी न्यूट्रलमध्ये. फ्यूज घातला असता तर डबा तिथल्या तिथे गेला असता. शेवटचा डबा.

"आप्पा, थांबा! हात काढा!" मी ओरडले. "काल तीनदा वाचून घेतलं ना तुमच्याकडून? तीनदा!"

लहान मुलाला ओरडावं तसा तो माझा आवाज मला अजून ऐकू येतो. आप्पांनी डब्यात बघितलं. निळीवर बोट ठेवलं, मग काळीवर. काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होते आणि ते येत नव्हतं, हे त्यांच्या कपाळावर दिसत होतं. मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उलटा धरून मूठ माझ्याकडे केली.

"तूच कर, नंदू. मी कामातनं गेलो का गं आता?"

'नाही' म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि वायरी सोडवायला लागले.

मी लावल्या, कागद समोर धरून लावल्या. फ्यूज घातला. जमिनीखालून घरघर आली, नळ फुरफुरला, आधी तांबडं आणि मग नितळ पाणी आलं. पॉरिकनं ट्रॅक्टरातून अंगठा दाखवला. माझा जीव भांड्यात पडला. आप्पांनी पाइपावर तळहात ठेवला होता आणि मान तिरकी केली होती.

"उलटी फिरतीय."

"आप्पा, पाणी येतंय ना?"

"येतंय की. उलटी फिरली तरी पानी येतंच. कमी येतं, पर येतं. त्येच तर वाईट. आलंच नसतं तर मानसानं लगीच उघडून बघितलं असतं."

काटा दोनच्या आसपास रेंगाळत होता. तो तीनवर जायला हवा होता, हे मला माहीत होतं. पण डबा परत उघडायचा, परत त्या वायरी, परत ते दृश्य, याचा मला धसका बसला होता. आणि खरं सांगायचं तर, ज्या माणसानं आत्ताच निळीचा घोळ केला त्याच्या कानावर मी का विश्वास ठेवावा, असंही मनात होतंच. डेक्लनचा फोन आला. "दोन्हीकडून चालवून बघितलीस ना?" मी म्हणाले, "हो. ग्रँड." इतकी वर्षं या देशात राहून मी एवढं मात्र नीट शिकले होते की ग्रँड म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही.

त्या संध्याकाळी सुमेध न्हाणीत आंघोळ करून मागच्या दारानं घरात आला. धार बारीक आहे म्हणाला, पण हसत म्हणाला. आम्ही तिघं एका खोलीत जेवलो, आप्पा टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला.

पुढचे दोन दिवस मी कामात बुडाले होते. एकामागून एक मीटिंगा. आप्पा शेडसमोर एक रिकामा क्रेट पालथा घालून त्यावर बसायचे. चहा द्यायला गेले की म्हणायचे, "थांबत नाही गं ती." नळ बंद असले तरी मोटर चालूच होती. दाब पुरा होत नाही, म्हणून डबा तिला थांबू देत नाही. हे मला कळायला हवं होतं, मी इंजिनिअर आहे. जेवताना म्हणाले, "नंदू, थांबत नाही ती." रात्री झोपायला जाताना म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले. आणि मी मनात मोजत होते, आज हे चौथ्यांदा, आज हे पाचव्यांदा. साखरेसारखं, कुत्र्याच्या नावासारखं. तेच तेच बोलण्याचा माझ्या लेखी एकच अर्थ उरला होता. कुणी ऐकत नसलं तरीही माणूस तेच तेच बोलतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी डब्यावर लाल दिवा लागला आणि पाणी थांबलं. सुमेध पाचला येणार होता. डेक्लन फोन उचलेना. मी शेडच्या दारात उभी होते. मोटर जळाली असेल तर संपलंच. आप्पा क्रेटवरून उठले. रागावले नाहीत, 'सांगत होतो' असंही म्हणाले नाहीत. तसं म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं.

"अर्धा तास थंड हुंदे तिला. मग दोन वायरी बदल."

"कोणत्या दोन?"

"कोणत्याबी. तिनातल्या कोणत्याबी दोन. फिरनं बदलायला तेवढंच लागतं."

तो अर्धा तास आम्ही अंगणात बसून काढला. ऊन होतं, वारा नव्हता, खोबऱ्याचा वास सगळीकडे भरून राहिला होता. पॉरिकचा कुत्रा येऊन आप्पांच्या पायाशी बसला. त्यांनी नाव विचारलं, मी सांगितलं, मिनिटभरानं परत विचारलं, मी परत सांगितलं. मला सारखं वाटत होतं, आता बोलावं. आप्पा, मला माफ करा, एवढं तरी. घड्याळ बघितलं. सव्वातीन. परत बघितलं. तीन वीस.

मग आप्पा घरात गेले आणि फ्रिजवरचा कागद घेऊन आले. फ्यूज माझ्या खिशात. ते एकेक रंग वाचत, मी वायरीवर बोट ठेवत असे, ते स्वतः वाकून बघत, आणि मगच पुढचा रंग. मोटरच्या काळीच्या आणि करडीच्या जागा मी बदलल्या. सगळं झाल्यावर आप्पा म्हणाले, "आता परत पयल्यापासनं." परत पहिल्यापासून वाचलं. मी फ्यूज घातला आणि डोळे मिटले.

आवाजच वेगळा होता. आधीची कण्हल्यासारखी घरघर नाही, भरलेला, खालून वर येणारा. काटा दोनवर गेला, अडीच, तीन. मी नळ सोडला तर पाणी बादलीच्या तळावर आपटून माझ्या तोंडावर उडालं. नळ बंद केला. काटा तीनवर थरथरला, आणि मोटर थांबली. तीन दिवसांत पहिल्यांदा शेडमध्ये काहीच वाजत नव्हतं. बांधावरचे पक्षी ऐकू यायला लागले. आप्पांचा तळहात अजून पाइपावरच होता.

"हां," ते म्हणाले. एवढंच.

मी घराकडे पळाले, वरच्या मजल्यावरचा नळ बघायला. मागून आप्पांनी हाक मारली, त्यांना काहीतरी लिहायला हवं होतं. मी खिडकीतून फ्रीजरच्या डब्यांवर नावं घालायचा मार्कर खाली टाकला. परत आले तेव्हा डब्याचं झाकण लागलं होतं. त्यांची जुनी सवय, मी विचारलं नाही. पाचला सुमेध आला. न्हाणीच्या पत्र्यावर पाणी आदळत होतं, तो आत काहीतरी गुणगुणत होता, आणि मी स्वयंपाकघराच्या सिंकपाशी उभी राहून रडत होते. आप्पा फ्रिजपाशी उभे राहून तो कागद परत चिकटवत होते. त्यांना दिसलं असावं.

ऑक्टोबरात एका खास विमानानं आप्पा संगमनेरला गेले. जाताना त्यांनी पॉरिकच्या कुत्र्याला नावानं हाक मारली. चुकीच्या नावानं, पण कुत्रा आला.

आता पुन्हा एप्रिल आहे. तिकडून येणाऱ्या बातम्या इतक्या वाईट की आईचा फोन वाजला की उचलायचा धीर होत नाही. त्यातच आज डेक्लन आला. गेलं वर्षभर येईन येईन म्हणत होता, लॉकडाऊनमागून लॉकडाऊन. कागदोपत्री सगळं नीट करून द्यायला, आमच्या हातचं काम तपासायला. मास्क लावून शेडमध्ये गेला, डब्याचं झाकण उघडलं आणि मला हाक मारली. झाकणाच्या आत काळ्या मार्करनं ओळी लिहिल्या होत्या. अक्षर थोडं कापरं, पण ओळी सरळ.

"काय लिहिलंय?" डेक्लननं विचारलं. "सूचना आहेत का?"

मी वाचलं. 'मोटर बसवली, आप्पा व नंदू. निळी म्हणजे न्यूट्रल. मी फेज समजलो, माझी चूक. नंदूनं धरली. काळी-करडी अदलाबदल केली, आता सरळ फिरते.' एवढं मी त्याला इंग्रजीतून सांगितलं. खाली आणखी एक ओळ होती.

'मला हल्ली आठवत नाही. नंदूला कळले आहे, ती बोलत नाही. पुढच्याने वायरी दोनदा बघाव्यात.'

"आणि ही शेवटची?" डेक्लन.

"वायरी दोनदा बघा म्हणतायत," मी म्हणाले.

"शहाणा गडी आहे हा," डेक्लन म्हणाला, आणि त्यानं खरंच दोनदा बघितल्या.

म्हणजे वर्षभर तो डबा भिंतीवर होता, मी रोज नळ सोडून कान लावून उभी राहत होते, आणि आत हे लिहिलेलं होतं. मी त्यांच्यापासून लपवत होते आणि ते माझ्यासाठी गप्प होते. दोघंही अगदी ग्रँड. चहा होत होता, गप्पा होत होत्या, हसणं होत होतं. काही ना काही येत होतं, म्हणून कुणी उघडून बघितलं नाही.

डेक्लन गेल्यावर मी त्याच क्रेटवर बसले आणि फोन लावला. आईनं उचलला, आज बरे आहेत म्हणाली, आणि आप्पांना दिला. मी लगेच बोलले.

"आप्पा, डबा उघडला आज. वाचलं मी." मग थांबले नाही, कारण थांबले असते तर राहूनच गेलं असतं. "तुम्ही विसरता हल्ली, हे मला तेव्हाच कळलं होतं. विमानतळावरच. मी बोलले नाही. तुम्ही 'कामातून गेलो का' विचारलंत तेव्हाही बोलले नाही. चुकलंच माझं. तुम्ही कामातून गेला नव्हतात. मोटर उलटी आहे हे तुम्हालाच कळलं होतं."

तिकडे पंखा बंद केल्याचा आवाज आला.

"इमानतळावर व्हय?" आप्पा म्हणाले. "मला त्याच्याबी आदी कळलं व्हतं."

"डॉक्टरांना दाखवू या, आप्पा. बाहेर पडता येईल तेव्हा. सुमेधशी बोलते मी आज."

"बोल." मग, "मोटर थांबती ना गं?"

"थांबते."

"मग सरळ हाय."

मी त्यांना गॉर्स फुलल्याचं सांगितलं. पॉरिकच्या कुत्र्याचं सांगितलं, नावासकट. आईच्या गुडघ्याबद्दल ते काही बोलले, उन्हाबद्दल बोलले. मग म्हणाले, "नंदू, ती मोटर थांबती ना गं आता?"

मागच्या वर्षी मी, पहिल्यांदाच विचारल्यासारखं, गोड आवाजात 'हो' म्हणाले असते.

"आत्ताच विचारलंत, आप्पा. थांबते."

"आत्ताच इचारलं का मी?"

"हो."

"बरं," आप्पा म्हणाले. "सांगत जा."